आठ वर्षांनी येणारी धूळ

२२ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ. विधानसभेचे मतदान होऊन दोन दिवस झाले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मतमोजणी होती. आमच्या साताऱ्यात त्या संध्याकाळी चौकाचौकात दुसरा विषय नव्हता. मी मात्र स्वेटर-कानटोपी चढवून गच्चीवर दुर्बिणीशी झटापट करत होते. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाळत घातलेले कपडे न्यायला वर आल्या, क्षणभर बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आज काय विशेष? ग्रहण आहे का?”

“ग्रहण नाही,” मी म्हटले, “दोन तारे आज एकमेकांच्या अगदी जवळ आलेत. आठ वर्षांनी येतात.”

“कुठले?”

मी वायव्येकडे, हंस तारकासमूहाकडे बोट दाखवले. “पण ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. आणि दुर्बिणीतून पाहिले तर दोन दिसत नाहीत, एकच दिसतो.”

वहिनींनी कपडे गोळा केले, “बरं,” एवढेच म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्यांचे काही चुकले नाही. जे दिसत नाही ते बघण्यासाठी थंडीत उभ्या राहणाऱ्या बाईला याहून काय म्हणणार?

या ताऱ्याला नाव नाही, नंबर आहे: डब्ल्यूआर १४०. जुन्या यादीतला नंबर एचडी १९३७९३. प्रत सातवीच्या जरा अलीकडची, म्हणजे साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून सहज सापडणारा एक फिकट ठिपका. अंतर सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे. (तेव्हा “आज” जवळ आले म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वी जवळ आले, त्याची वर्दी आज आली, हे सुज्ञ वाचक ओळखतीलच.) या ठिपक्यात दोन तारे आहेत. एक सूर्याच्या सुमारे २९ पट वजनाचा निळा, तापलेला तारा. दुसरा सुमारे १० पट वजनाचा. तो जन्मला तेव्हा याहून बराच भारी होता, पण अंगावरची हायड्रोजनची सगळी वस्त्रे त्याने केव्हाच उधळून टाकली आणि आता आतला हेलियम आणि कार्बन उघडा पडला आहे. दोघांच्याही अंगावरून प्रचंड वेगाने वारा वाहतो. वारा म्हणजे ताऱ्याच्या स्वतःच्याच प्रकाशाच्या रेट्याने बाहेर फेकला जाणारा वायू. दुसऱ्या ताऱ्याचा वारा सेकंदाला जवळजवळ तीन हजार किलोमीटर वेगाने सुटतो.

या दोघांची एकमेकांभोवतीची कक्षा धूमकेतूच्या कक्षेसारखी लांबुळकी आहे. दूर असताना त्यांच्यातले अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या अठ्ठावीसपट भरते. जवळ येतात तेव्हा जेमतेम दीडपट. एका फेऱ्याला २८९६ दिवस लागतात, म्हणजे आठ वर्षांना सव्वीसएक दिवस कमी. यातली बहुतेक वर्षे दूरच्या टोकाकडे रेंगाळण्यात जातात. जवळचे वळण मात्र काही आठवड्यांत संपते. त्या आठवड्यांत दोघांचे वारे एकमेकांवर असे आदळतात की मधला वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो, क्ष-किरण फेकू लागतो, आणि त्याच धडकेत दाबला जाऊन पुढे वाहत जाता जाता झपाट्याने निवतो. निवतो म्हणजे इतका, की त्यातल्या कार्बनची काजळी धरते.

काजळी! कंदिलाच्या काचेवर धरते तीच जातकुळी. जिथे लोखंडसुद्धा वाफ होऊन उडून जाईल अशा भट्टीच्या दारात घन पदार्थाचे कण जमतात. हे नेमके कसे घडते याचा संपूर्ण उलगडा अजून झालेला नाही. आणि ही काही कोपऱ्यातल्या एका चमत्कारिक ताऱ्याची गंमत नाही. ग्रह, दगड आणि आपण सगळे ज्या धुळीपासून झालो ती विश्वात मुळात आली कुठून, या प्रश्नाशी याचा संबंध आहे. भारी तारे फार लवकर जगून संपतात. तेव्हा विश्व तरुण असताना कार्बनची पहिली धूळ कोणी केली असेल, तर संशयितांच्या यादीत अशा जोड्यांचे नाव येते.

हा शोध कसा लागला ते सांगण्यासारखे आहे. १८६७ साली पॅरिसच्या वेधशाळेत शार्ल वुल्फ आणि जॉर्ज राये हे दोघे हंस तारकासमूहातल्या ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून फाकून बघत होते. साध्या ताऱ्याचा वर्णपट म्हणजे रंगांचा पट्टा आणि त्यावर काळ्या बारीक रेषा. तीन तारे मात्र उलटे वागत होते. त्यांच्या पट्ट्यावर काळ्या रेषांऐवजी रुंद, चकचकीत पट्टे होते. कशाचे, ते त्या दोघांना कळले नाही. कळायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. पण अशा ताऱ्यांना “वुल्फ-राये तारे” हे नाव पडले ते कायमचे. (त्या तिघांपैकी एक, आजचा डब्ल्यूआर १३७, हासुद्धा जोडीदाराबरोबर तेरा वर्षांनी एकदा धूळ करतो, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार!) आपल्याकडे वेणू बाप्पूंनी या ताऱ्यांचा ध्यास घेतला होता. १९७१ साली ब्युनॉस आयर्सला वुल्फ-राये ताऱ्यांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला, त्याच्या ग्रंथाच्या दोन संपादकांपैकी ते एक. यातला सर्वांत तेजस्वी तारा तर आपल्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिणेला, अगस्त्याच्या पूर्वेला, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण तो धूळ करत नाही.

रुंद पट्टे का दिसतात? वारा सगळ्या दिशांना सुटलेला असतो. आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश थोडा निळ्याकडे सरकतो, पलीकडे जाणाऱ्याचा तांबड्याकडे, आणि एकच बारीक रेषा दोन्ही बाजूंना ताणली जाऊन डोंगर होते. कार्बनची ५६९६ अँगस्ट्रॉमवरची रेषा या ताऱ्यात ताणून शंभरएक अँगस्ट्रॉम रुंद होते आणि तिचा माथा सपाट असतो. आमच्या भागातल्या लोकांना समजवायचे तर पाचगणीचे टेबललँड. जोडी दूर असते तेव्हा टेबललँड नुसते सपाट. जोडी जवळ आली, वारे भिडले, की धडकेतल्या वायूचा जादा प्रकाश त्या माथ्यावर एक उंचवटा काढतो. तो आधी निळ्या कडेला उगवतो आणि जवळिकीचा दिवस उलटला की भराभर तांबड्या कडेकडे पळतो. मग नाहीसा होतो. त्या उंचवट्याची जागा आणि उंची यांवरून धडकेचा शंकू कुठे तोंड करून आहे, किती उघडा आहे, हे काढता येते. सगळा खेळ तीन-चार महिन्यांचा, आणि त्यातला खरा तमाशा दोन-तीन आठवड्यांचा. मग पुन्हा आठ वर्षे सपाट पठार.

धुळीचा पत्ता मात्र अवरक्त किरणांनी दिला. १९७७ साली हा तारा अवरक्तात एकाएकी उजळला आणि हळूहळू विझला. १९८५ साली पुन्हा तेच. एडिंबरोच्या वेधशाळेतले पेरेदुर विल्यम्स आणि त्यांचे सहकारी हिशेब मांडत होते. आठाला थोडी कमी वर्षे हा आकडा त्यांनी पक्का केला आणि १९९० साली रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंतचा सगळा जमाखर्च एका निबंधात मांडला. १९९३ साली तारा वेळेवर उजळला. वेळ पाळणारी गाडी पाहिली की मन कसे प्रसन्न होते, तसे मला हे वाचताना झाले होते.

आता अडचण अशी, की मोठ्या वेधशाळांमध्ये दुर्बिणीच्या रात्री रेशनवर मिळतात. अर्ज करायचा, वर्षभर आधी, आणि नशिबाने दोन-तीन रात्री मिळायच्या. त्यात ढग आले तर संपले. पण या ताऱ्याला रोज संध्याकाळी, महिनोन् महिने, कोणीतरी हजेरी लावायला हवी. एवढा वेळ कोणाकडे असतो? ज्यांना त्याचा पगार मिळत नाही त्यांच्याकडे.

१२ जानेवारी २००९ च्या जवळिकीसाठी नेमके हेच झाले. माँट्रियल विद्यापीठाचे अँथनी मॉफट आणि जर्मनीचे थॉमस एव्हर्सबर्ग यांनी हौशी मंडळींना बोलावले. कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ बेटावर, तैदे वेधशाळेत, बेल्जियममधल्या माँस विद्यापीठाची एक पन्नास सेंटिमीटरची दुर्बीण आहे, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ठेवलेली. तिच्यावर हौशींसाठीच बनवलेला वर्णपटलेखक बसवला आणि जर्मनी, पोर्तुगाल, इंग्लंड वगैरे देशांतल्या हौशींनी आळीपाळीने तिथे मुक्काम करून डिसेंबर ते मार्च हा तारा धरून ठेवला. वर्षाचा काळ तर असा वाईट, की जानेवारीत सूर्य बरोबर हंसाच्या खालच्या अंगाला असतो. तारा संध्याकाळी मावळतीला थोडा वेळ आणि पहाटे उगवतीला थोडा वेळ, एवढाच हाती लागायचा. फ्रान्स आणि कॅनडातल्या वेधशाळांची निरीक्षणे जोडून एकूण सहा ठिकाणचे वर्णपट जमले. २०११ साली रेमी फाहेद यांच्या नावाने निबंध निघाला तो हौशी आणि व्यावसायिक अशा सगळ्यांच्या सहीचा. त्यातून कक्षेची लांबट गोलाई ०.८९६ पर्यंत नक्की झाली. पुढे डिसेंबर २०१६ च्या फेऱ्यात आणखी १६० मोजमापे मिळाली, त्यांत परत हौशींचा वाटा, आणि दोन ताऱ्यांची वजने २०२१ साली पक्की झाली. मी वर २९ आणि १० हे आकडे इतक्या बिनधास्तपणे दिले ते या लोकांच्या जिवावर.

हौशी हा शब्द आपल्याकडे जरा हलक्यात घेतला जातो. हौशी नाटक मंडळी म्हटले की प्रेक्षक आधीच क्षमा करून बसतात. पण वर्णपटांचे शास्त्र जन्मापासून हौशींनी पोसलेले आहे. नॉर्मन लॉक्यर हा लंडनच्या युद्धखात्यातला कारकून होता. दिवसा फायली, फावल्या वेळात घरची दुर्बीण. १८६८ च्या ऑक्टोबरात त्याने ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला आणि त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळत नाही म्हणून त्यामागे नवे द्रव्य मानले, तेच हेलियम. इथे एक गोष्ट सांगून टाकते, विजयदुर्गचे लोक रागावले तरी. हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला असे आपल्याकडे वारंवार छापले जाते. लॉक्यर त्या वर्षी इंग्लंडबाहेर पडला नव्हता. त्या वर्षीचे ग्रहण जान्सेनने पाहिले ते गुंटूरहून. लॉक्यर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, हेलियम पृथ्वीवर सापडल्यालाही तीन वर्षे झाल्यानंतर. किल्ल्याचा मान यात कमी होतो असे मला वाटत नाही. त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नेगमवाला आपली उपकरणे घेऊन जेऊरला गेले होते. पुण्यात त्यांची वेधशाळा होती, तीत वर्णपटाची चांगली सामग्री होती. ती दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली आणि पुण्यातली ती वेधशाळा संपली, हे वाचताना अजूनही चुटपुट लागते.

माझे म्हणाल तर मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. लोलक, जालक, फट, सोडियमचा दिवा हे सगळे दरवर्षी बारावीच्या मुलांकडून करवून घेतले, पण आकाशातल्या एकाही ताऱ्याचा वर्णपट स्वतः पाहिला नव्हता. १९९३ साली हा तारा जवळ आला तेव्हा माझा मुलगा पाळण्यात होता. २००१ साली सासूबाईंचे आजारपण. २००९ चा फेरा झाला हे मला कळले तोपर्यंत दोन वर्षे उलटली होती. तेव्हा वहीत एक आकडा लिहून ठेवला: डिसेंबर २०१६.

त्या वेळी माझ्याकडे आठ इंची दुर्बीण होती आणि परदेशातून मागवलेले एक जालक, मिलिमीटरला शंभर रेषांचे, नाण्याएवढे, कॅमेऱ्याच्या नळीवर फिल्टरसारखे फिरवून बसवायचे. नोटाबंदीचे दिवस होते. टपालखात्यात त्याची जकात भरायला सुट्या नोटा जमवताना नाकी नऊ आले. पण पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर ताऱ्याच्या ठिपक्याशेजारी रंगांची एक काडी उमटली आणि त्या काडीवर दोन ठिकाणी चक्क फुगवटे! पॅरिसच्या त्या दोघांना दिसले तेच, साताऱ्याच्या गच्चीवरून. मी आनंदाने ओरडले असेन, कारण शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. मात्र त्या छोट्या जालकाने टेबललँड दिसते, माथ्यावरचे काही दिसत नाही. २०१६ चा फेरा असा नुसत्या दर्शनावर गेला.

२०२२ च्या उन्हाळ्यानंतर जेम्स वेब दुर्बिणीने काढलेले या ताऱ्याचे चित्र जगभर फिरले. ताऱ्याभोवती एकात एक कवचे, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी, निदान सतरा. प्रत्येक कवच म्हणजे एका भेटीची धूळ. सतरा भेटी म्हणजे सुमारे एकशे तीस वर्षांची रोजनिशी. बाहेरच्या कवचाची धूळ उडाल्याची वर्दी इथे पोचायची तेव्हा पुण्यात नेगमवालांची वेधशाळा चालू होती. मी त्या चित्रातली कवचे बोटाने मोजत होते. हे २०१६ चे, हे २००९ चे, हे २००१ चे. माझी चुकलेली सगळी वर्षे तिथे नीट रचून ठेवलेली होती.

त्या चित्राने उचल खाल्ली. फ्रान्सच्या क्रिस्तियाँ ब्युइल या हौशी निरीक्षकाने आपल्या वर्णपटलेखकाचे सगळे भाग त्रिमितीय छपाईसाठी खुले ठेवले आहेत, कोणीही छापून घ्यावेत. शिरवळच्या एका कारखान्यात काम करणारा माझा एक माजी विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, तुम्ही फाइल द्या, बाकीचं माझ्याकडे लागलं.” काळ्या प्लॅस्टिकची ती पेटी हातात आली तेव्हा शाळेतल्या कंपासपेटीहून फार मोठी वाटली नाही. आत केसाहून बारीक फट, दोन भिंगे, एक दाट रेषांचे जालक आणि मागे कॅमेरा. ताऱ्याला त्या फटीवर बसवणे म्हणजे सुईत दोरा ओवणे आहे, फरक इतकाच की सुई हलत असते. त्यात आमचा पावसाळा. जून ते सप्टेंबर हंस रात्री माथ्यावर असतो, आणि त्याच चार महिन्यांत साताऱ्यात आकाश नावाची वस्तू नसते. ऑक्टोबर उजाडला तेव्हा सरावाला पाच आठवडे उरले होते.

आता जे झाले ते सांगते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वर्णपट चांगले येऊ लागले. रोज साडेसहाला गच्चीवर, साडेनऊपर्यंत तारा बराच खाली उतरेतो. आणि एका रात्री, वर्णपटाचा आलेख काढला तर टेबललँडच्या निळ्या कडेवर उंचवटा. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री पुन्हा. जिथे असायला हवा तिथेच! मी फ्रान्समधल्या एका अनुभवी हौशी गृहस्थांना आलेख पाठवला. त्यांच्याशी माझा वर्षभर ई-मेलने पत्रव्यवहार होता. सोबत दोन ओळी लिहिल्या, त्यांत उद्गारचिन्हे जरा जास्त होती. उत्तर दुसऱ्या दिवशी आले, एका वाक्याचे. त्याच रात्रीचा अभिजितचा वर्णपट पाहिलात का?

अभिजित हा साधा, सभ्य तारा. त्याच्या वर्णपटात ५६९६ च्या आसपास सांगण्यासारखे काहीही नसते, म्हणून तर तो तुलनेला घेतात. मी रोज घेत होते, पण उघडून नीट बघत नव्हते. उघडला. त्याच जागी, तेवढाच उंचवटा.

कारण सापडायला वेळ लागला नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या काचेवर धुळीचा कण असला तर त्याची सावली वर्णपटात पडते. ती घालवण्यासाठी साध्या बल्बच्या प्रकाशाचे चित्र घेतात, त्याला फ्लॅट म्हणतात, आणि ताऱ्याच्या चित्राला त्याने भागतात. मी फ्लॅट एकदाच घेतले होते, ऑक्टोबरात. मधे एकदा सैल स्क्रू आवळायला कॅमेरा काढून परत लावला आणि तेवढ्यात धुळीचा कण सरकला. जुन्या जागेवरची सावली आता नव्हती, तरी भागाकार चालूच होता. तिथे खोटा उंचवटा उभा राहिला. पाच हजार प्रकाशवर्षांवरची धूळ शोधायला निघालेल्या बाईला स्वतःच्या गच्चीवरची धूळ सापडली होती.

याच्यापुढची चूक अधिक वाईट. शरमेने आणि रागाने मी त्याच दुपारी कॅमेरा खोलला आणि काच लख्ख पुसली. पुसून झाल्यावर लक्षात आले की काय केले. कॅमेऱ्याला हात न लावता त्या दुपारी नवे फ्लॅट घेतले असते तर आठही रात्रींचे वर्णपट दुरुस्त करता आले असते. कण जिथे होता तिथे असेपर्यंतच ते शक्य होते. आता तो फडक्यावर होता. बारावीच्या किती मुलांना मी बजावले असेन की वाचन चुकले तर खोडू नका, आधी उपकरण जसे आहे तसे राहू द्या आणि मला हाक मारा. मला हाक मारायला कोणी नव्हते.

आठ रात्री गेल्या. जवळिकीच्या आधीच्या, ज्यांची पुन्हा भरपाई नाही अशा. फ्रान्सला लिहून कळवले की पहिला आलेख फाडून टाकावा. आमच्या ह्यांचे म्हणणे पडले, “एवढ्याशा कणाचं कोणाला कळणार आहे? पाठवून द्यायचे होते.” मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. नंतर विचार केल्यावर वाटले, ते चिडवत नव्हते, समजूत घालत होते. पण पाठवले असते तर? कोणीतरी विद्यार्थी कुठल्यातरी देशात धडकेच्या शंकूचे गणित मांडत बसला असता आणि माझा धुळीचा कण त्याच्या समीकरणात जाऊन बसला असता. व्यावसायिकाची चूक पकडायला त्याचे सहकारी असतात, परीक्षक असतात. गच्चीवर एकटे असलेल्याला अभिजितच काय तो साक्षीदार.

म्हणून २२ तारखेची ती संध्याकाळ माझ्यासाठी वेगळी होती. स्वच्छ काच, त्याच संध्याकाळचे फ्लॅट, आधी अभिजित, मग तारा, मग परत अभिजित. दहा दहा मिनिटांची सहा चित्रे. खाली वहिनींच्या घरातून टीव्हीवरच्या निवडणुकीच्या चर्चेचा आवाज येत होता. रात्री अकराला आलेख निघाला. माथ्यावर उंचवटा होता. आधीच्या खोट्याहून लहान, थोडा वेडावाकडा, एवढा की कोणी मुद्दाम काढला असता तर याहून देखणा काढला असता. अभिजित उघडला. सपाट. दुसऱ्यांदा घेतलेला अभिजित उघडला. तोही सपाट. या वेळी मी ओरडले नाही. खाली जाऊन ह्यांना उठवले आणि आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितले आणि विचारले, “पुसलंयस ना सगळं?”

२३ ला पुन्हा मिळाला; त्या संध्याकाळी गुलाल आणि फटाक्यांचा धूर इतका होता की तारा लुकलुकतच राहिला. मग २७ ला एक बरा वर्णपट मिळाला. त्यात उंचवटा तांबड्या बाजूला सरकलेला दिसतो. त्यानंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आलेल्या फेंगल चक्रीवादळाचे ढग आमच्याकडेही पसरले आणि डिसेंबरचा पहिला आठवडा पावसाळ्यासारखा गेला. एकूण जमा तीन वर्णपट. ते मी हौशी मंडळींनी चालवलेल्या सार्वजनिक संग्रहात पाठवले, सोबत फ्लॅटची आणि अभिजितची चित्रेही. संग्रह सांभाळणाऱ्यांनी तरंगलांबीच्या एका दुरुस्तीबद्दल विचारले, मी ती करून दिली, आणि ते दाखल झाले. युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी शेकड्यांनी घेतले असतील, त्यांत हे तीन. पण आपल्याकडे रात्र असते तेव्हा युरोपात अजून उजेड असतो आणि अमेरिकेत सकाळ. या दोन-तीन तासांच्या फटीत कोणी नसेल, तर तेवढा आलेख रिकामा राहतो. माझी जागा असलीच तर त्या फटीत आहे.

जानेवारी २०२५ मध्ये वेब दुर्बिणीची आणखी एक बातमी आली. जुलै २०२२ आणि सप्टेंबर २०२३ ची दोन चित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली, तर चौदा महिन्यांत कवचे सरकलेली स्पष्ट दिसतात. वेग सेकंदाला २६०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून लंडनला तीन सेकंदांच्या आत. एवढ्या वेगाने जाऊनही ती काजळी विरत नाही, शतकभर टिकून राहते. वहिनींना मी ती दोन चित्रे मोबाइलवर दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि विचारले, “मग त्या दिवशी तुम्ही उभ्या होतात ते हे?” मी म्हटले, त्या दिवशीचे कवच यात अजून आलेले नाही. ते नवे आहे, आता कुठे बाहेर पडते आहे.

पुढची जवळीक ऑक्टोबर २०३२ च्या शेवटच्या आठवड्यात, साधारण २७ तारखेला. हिशेबाने मी तेव्हा एकाहत्तरीत असेन. दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आहे, म्हणजे फटाक्यांचा धूर नुकता सुरू होत असेल. तारा मात्र संध्याकाळी यंदापेक्षा चांगला वर असेल. शिरवळच्या विद्यार्थ्याची मुलगी आता पाचवीत आहे. तेव्हा ती कॉलेजात असेल. मागच्या महिन्यात ती बाबांबरोबर आली होती, तेव्हा तिच्याकडून अभिजितचे दोन वर्णपट काढून घेतले. कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी विचार, एवढे तिला सांगितले. वहीत २७ ऑक्टोबर २०३२ लिहून त्याखाली “फ्लॅट रोज” असे लाल शाईने लिहिले आहे. पाऊस त्या वर्षी दसऱ्यापर्यंत परतला म्हणजे झाले.